हळद लागलेली खार

सिस्टरना हाक मारायची सवय नव्हती. त्या काठीने छताला ठोकायच्या. आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. एक ठोका म्हणजे पाय आपटू नका. दोन ठोके म्हणजे नळ बंद करा. तीन ठोके म्हणजे मी खाली जायचं, आणि तेही लगेच, हातातली कणीक तशीच टाकून. लंडनमधल्या वेम्बलीतल्या त्या घरात मी सहा वर्षं काढली, आणि त्यातली पाच वर्षं तीन ठोके ऐकले की मी देवाचं नाव घेत जिना उतरायचे.

त्या मूळच्या मिरजेकडच्या. तरुणपणी नर्स म्हणून इंग्लंडला आल्या, आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलात राबल्या आणि लग्नाच्या फंदात पडल्या नाहीत. जवळचा म्हणावा असा एक पुतण्या, तोही लांब राहणारा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या झाल्या तरी केस बारीक कापलेले, कपडे कडक, पाठ ताठ. सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "शिकलीस किती?"

"चौथी," मी पायाकडे बघत म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून मी चौथी झाले. नाव विचारायचं राहिलं ते राहिलंच. "ए चौथी, कागद-बाटल्यांच्या निळ्या डब्यात बटाट्याची सालं कुणी टाकली?" "चौथी, जिन्यात चपला का?" दारावर कुणी गोरा माणूस आला की मी आत पळायचे. ते त्यांना दिसायचं. "चाळीस वर्षांची घोडी आणि पडद्यामागे लपते," असं त्या त्या माणसासमोरच मराठीत म्हणायच्या आणि मग त्याच्याशी इंग्रजीत गोड बोलायच्या. मला त्यांचा फार राग यायचा. वर येऊन मी तो पोळपाटावर काढायचे, आणि खालून एक ठोका पडायचा.

आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. साखरेचे चार दाणे तरी टाकायचेच. मी सणासुदीला खाली डबा द्यायचे. पुरणपोळी, शिरा, थालीपीठ, जे काही केलं असेल ते. दुसऱ्या दिवशी डबा जिन्याच्या पायरीवर असायचा. घासलेला, कोरडा, ब्लीचचा वास मारणारा आणि रिकामा. आवडलं, नाही आवडलं, एक शब्द नाही. आमचे हे म्हणायचे, "नको देत जाऊस ना मग." पण मी द्यायचे. त्यांना लाज वाटावी म्हणून द्यायचे. त्यांना ती कधी वाटली नाही.

एका गोष्टीचा मात्र त्यांना फार गर्व होता. "चाळीस वर्षं वॉर्डात काढली," त्या सांगायच्या, "नातेवाइकांशी एकदा खोटं बोलले नाही. माणूस जाणार असेल तर जाणार म्हणून सांगितलं. रडायचं तर तिकडे जाऊन रडा, पण खोटी आशा घेऊन घरी जाऊ नका." माझी आई गावाला आजारी होती तेव्हा मी रिपोर्टचा फोटो त्यांना दाखवला होता. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाल्या, "तिकीट काढ. आजच." मी काढलं. आई भेटली. पण त्या ज्या तोंडाने बोलल्या ते तोंड मला बरेच दिवस बघवत नव्हतं.

मागच्या वर्षी उन्हाळा फार कडक गेला. दोन महिने पाऊस नाही, मागच्या अंगणातलं गवत वाळून पिवळं पडलं. एका सकाळी मी कपडे वाळत घालायला गेले तर कुंपणाशी खार पडलेली. मागचा एक पाय फरपटत होता, मांडीवर चावल्याची जखम होती आणि डोळे अर्धे मिटलेले. मला बघून पळाली नाही. खार माणसाला बघून पळत नाही म्हणजे ती संपत आली, एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं.

मी तिला पदरात घेऊन वर आणलं. बशीत कोमट दूध ठेवलं, आणि घरात कुणाला लागलं की आम्ही जे करतो तेच केलं. डब्यातून मूठभर हळद काढली आणि जखमेवर दाबली. ती किंचाळली. तिचा आवाज खाली गेला असावा, कारण लागलीच तीन ठोके पडले. मी गेले नाही. तेव्हा सिस्टर, ज्या पाच वर्षांत एकदाही जिना चढल्या नव्हत्या, त्या काठी टेकत वर आल्या.

दारात उभ्या राहून त्यांनी खारीकडे बघितलं, मग माझ्या पिवळ्या हातांकडे.

"ही काय लग्नाची नवरी आहे, हळद लावायला?"

"रक्त थांबतं हळदीने..."

"दूध उचल आधी. मारतेस तिला." त्यांनी खारीच्या मानेमागचं कातडं चिमटीत धरून सोडलं. ते तंबूसारखं उभंच राहिलं. "बघ. पाणी संपलंय हिच्यातलं. जखम नंतर. आधी ऊब, मग पाणी. शाळेत शिकवलं नाही का? अरे हो, चौथीनंतर असतं ते."

मी हळूच म्हटलं, "डॉक्टरकडे नेऊ या का?"

"नेलीस तर परत येणार नाही. ही राखाडी खार बाहेरून या देशात आणलेली. आता कायदा असा आहे की एकदा हातात धरली की पुन्हा बाहेर सोडायची नाही. घरात पाळायचीही नाही. मग डॉक्टर काय करणार? सुई."

"रामाची खार असते हो, सिस्टर. तिला कसं..."

"हिच्या पाठीवर पट्टे कुठायत? हिच्या पाठीवरून राम कधी हात फिरवून गेला नाही. आलीस ती तू, हळद घेऊन." मग काठी आपटून म्हणाल्या, "खोकं आण. टॉवेल आण. आणि रडू नकोस, तिच्या जखमेवर मीठ पडेल."

टॉवेल त्यांनीच त्यांचा दिला. पांढरा, जाड, हॉस्पिटलात असतात तसा. पाच मिनिटांत त्यावर माझ्या हळदीची बोटं उमटली. त्याबद्दलही मी बोलणी खाल्ली.

खोकं त्यांच्या स्वयंपाकघरात ठेवलं. खाली गरम पाण्याची पिशवी, वर टॉवेल, त्यात खार. उकळून गार केलेल्या पाण्यात साखर-मीठ घालून, बिनसुईच्या सिरिंजने थेंब थेंब द्यायचं. पहिल्यांदा मी समोरून द्यायला गेले तर त्यांनी माझ्या मनगटावर फटका मारला. "बाजूने! ओठाच्या कडेने. घशात ओतलंस तर बुडेल ती. एक थेंब. गिळू दे. आता दुसरा. घाई कसली आहे, बस चुकतेय?"

जखम मिठाच्या पाण्याने धुतली, पण हळद काही निघाली नाही. राखाडी खारीचा एक पाय पिवळाधमक राहिला. आमचे हे रात्री हॉटेलातल्या कामावरून आले, त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "आपण भाड्याने राहतो, आणि तू आणखी एक भाडेकरू आणलास."

सिस्टरनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर रेघा मारल्या आणि पेन माझ्या हातात दिलं. "लिहिता येतं ना? लिही. किती थेंब, किती वाजता, लघवी झाली की नाही." शाळा सुटल्यापासून मी सामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. माझं अक्षर बघून त्या म्हणाल्या, "हे काय, मुंग्या मेल्यात?" आणि वेळ टाकायची विसरले की पेन परत हातात यायचं. "वेळ टाक. वेळेशिवाय चार्ट म्हणजे नुसत्या रेघोट्या."

रोज सकाळी मी खाली गेले की त्यांचा पहिला प्रश्न एकच. "लघवी?" नमस्कार नाही, चहा नाही. तिसऱ्या दिवशी ती झाली. मी ओरडलेच, "झाली! झाली!" सिस्टर म्हणाल्या, "गल्लीला ऐकू जाऊ दे. किती वाजता?"

"साडेनऊ."

"मग लिही."

चौथ्या दिवशी खारीने डोळे पूर्ण उघडले आणि सिरिंज दोन्ही हातांनी धरली. बोटं इवलीशी, बाळाच्या मुठीसारखी. मला स्वतःचं मूल नाही. ते सिस्टरना माहीत होतं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जीव लावू नकोस. जगेल असं मी म्हटलेलं नाही." एवढं चांगलं चाललेलं असताना असं बोलायची काय गरज होती? मी त्या दिवशी त्यांना डबा दिला नाही.

दुपारी मी ईलिंग रोडवरच्या एका दुकानात पोळ्या लाटायला जायचे. त्या वेळात सिस्टर खारीला बघायच्या. सहाव्या सकाळी तिच्या पायाला वास येत होता. सिस्टरनी लघवीचं विचारलं नाही. संध्याकाळी मी परत आले तेव्हा ओट्यावर खोकं नव्हतं.

"सोडली," सिस्टर पाठ फिरवून कप विसळत म्हणाल्या.

"कुठे?"

"पार्कात. टॅक्सीने गेले. खोकं उघडलं, झाडावर चढली, गेली."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू सोडू दिली असतीस?" मग वळून बोट रोखलं. "कायदा मोडलाय मी, चौथी. या वयात. कुणाला बोलायचं नाही."

मी त्यांच्यावर ओरडले. पाच वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, "ती माझी होती, तुम्हाला कुणाचं काही असलेलं बघवत नाही." त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या पायरीवर माझा आधीचा डबा होता. उचलला तर जड लागला. आत चार बिस्किटं होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यानंतर दर रविवारी मी शेंगदाणे घेऊन पार्कात जायचे. पिवळा पाय शोधायचे. तिथे पन्नास खारी, सगळ्यांचे पाय राखाडी. परत येऊन सांगायचे, "नाही दिसली, सिस्टर." त्या म्हणायच्या, "निळा डबा बाहेर काढलास का?" मला वाटायचं, काय दगड आहे ही बाई.

या वसंतात सिस्टर न्हाणीघरात पडल्या. कमरेचं हाड मोडलं, हॉस्पिटलात नेलं. पुतण्या येऊन किल्ल्या घेऊन गेला आणि म्हणाला, घर बहुतेक विकावं लागेल. मी अंगणात गेले. कुंपणाच्या कोपऱ्यात सगळ्यांत जास्त ऊन यायचं आणि मला तिथे मेथी लावायची होती. आधी सिस्टर नुसतं नाही म्हणायच्या. गेल्या उन्हाळ्यात तर त्यांनी तिथे एक फरशीच टाकून घेतली. "हलवायची नाही. खाली गटाराचं झाकण आहे." आता त्या नव्हत्या. एक तरी जुडी काढीन या घरातून, असं म्हणून रागाने मी फरशी ढकलली.

खाली गटार नव्हतं. माती भुसभुशीत होती. खुरपं हातभर खाली गेलं आणि कापडाला लागलं. जाड, पांढरं कापड, मातीने मळलेलं. कोपऱ्यावर पिवळी बोटं होती. माझी.

मी तो टॉवेल उघडला नाही. माती परत लोटली, फरशी परत बसवली. कोल्हे उकरतात इथे, म्हणून फरशी. काठी टेकून चालणाऱ्या बाईने एवढा खड्डा कसा खणला असेल, याचा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. तेव्हा फक्त संताप होता. आठ-नऊ महिने मी वेड्यासारखी झाडांकडे बघत फिरले, आणि ही बाई खालच्या खिडकीतून मला शेंगदाणे घेऊन जाताना बघत होती. बसमध्ये मी शब्द जुळवले. चाळीस वर्षं खोटं बोलला नाहीत ना? मग मीच सापडले?

वॉर्डात सिस्टर एवढ्याशा दिसत होत्या. ओठ फुटलेले. तिथल्या नर्सने खुणेने सांगितलं, पाणी घेत नाहीत. मी खुर्चीवर बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि हाताच्या पाठीवरचं कातडं चिमटीत धरून सोडलं. ते तसंच उभं राहिलं.

"म्हाताऱ्यांचं तसंच राहतं, चौथी," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "तिथे बघायचं नसतं. जीभ बघ."

मी जीभ बघितली. कोरडी होती. मग चमच्यात पाणी घेतलं आणि ओठाच्या कडेने, बाजूने, एक थेंब सोडला. त्यांनी गिळला. मी दुसरा सोडला. मला कसली घाई नव्हती. असे वीस-एक थेंब झाल्यावर बसमध्ये जुळवलेल्या शब्दांतला एकही माझ्या तोंडात उरला नाही. मी भलतंच बोलले.

"सिस्टर, काल ती दिसली."

त्यांनी डोळे उघडले. "कोण?"

"आपली खार. पार्कात. पिवळा पाय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी खाली बघितलं, आणि मला कळलं की त्यांना कळलं. मग त्यांच्या त्याच खरखरीत आवाजात म्हणाल्या, "चौथी, खोटं बोलताना पायाकडे बघू नये. नीट बघ माझ्याकडे. परत सांग."

ही आमची शेवटची भेट. मी मान वर केली आणि परत सांगितलं. कुठलं झाड, कुठली फांदी, कशी चढली, शेपूट कशी उडवली, सगळं. पाय जरा लंगडत होता तेही सांगितलं, कारण अगदीच बरा झाला म्हटलं असतं तर त्यांना पटलं नसतं. सिस्टरनी डोळे मिटून ऐकलं.

"आणि लघवी?"

"झाली."

"किती वाजता?"

"साडेनऊला," मी म्हटलं.

त्यांनी बोट किंचित हलवलं. म्हणजे, लिही.