बेस्तरवारची भिक्षा

गाणगापुरात दत्तमहाराज दुपारी भिक्षेला निघतात, कुणाच्या रूपात येतील ते सांगता येत नाही, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. आमच्या मायनं हा नेम खटकचिंचोळी गावातल्या घरी आणला. बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, पहिली भाकरी दारी येणाऱ्याची. ती वाढायची, हात जोडून काहीतरी पुटपुटायची आणि मगच स्वतः जेवायची. काय पुटपुटतेस म्हणून विचारलं, तर तुला काय करायचंय म्हणायची.

लहानपणी मी दारात येणाऱ्या प्रत्येकाचे पाय, देवाची काही खूण दिसते का म्हणून, निरखून बघायचो. एकदा पांढऱ्या दाढीचे एक बाबा आले. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माझी खात्रीच पटली, हेच ते! त्याच संध्याकाळी वडिलांबरोबर, अप्पांबरोबर, भालकीला गेलो, तर बसस्टँडवर तेच बाबा. बस चुकली म्हणून तुटकी चप्पल हातात धरून रडत होते. देव कामून रडायलाय, असं मी अप्पांना विचारलं. अप्पा हसले. मला मात्र बाबांची फार कीव आली, आणि ज्याची कीव येते त्याच्याकडे काही मागवत नाही.

विश्वास काही त्या दिवशी गेला नाही. साबणाची वडी झिजावी तसा झिजत गेला. पुढं शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, तोवर हाताला काहीच लागेना. वाईट वाटलं का? वाटलं की. अप्पा गेले त्या दिवशी मनातल्या मनात बोलायलासुद्धा कुणी नव्हतं. पण मायला मी पत्ता लागू दिला नाही. आरतीला टाळ्या वाजवायचो, अंगारा लावून घ्यायचो. हिला कळलं तर ही खचेल, एवढीच भीती होती.

आता मायला साखरेचा आजार आहे. गोळी घेतली की वेळेवर जेवायचं, अशी डॉक्टरांची ताकीद. आणि हल्ली दारावर मागायला येतं कोण? एका गुरुवारी तीन वाजेपर्यंत वाट बघत बसली आणि चुलीपुढंच घेरी येऊन पडली. मी लई चिडलो, नको ते बोललो. ती शेवटी एवढंच म्हणाली, येतील. हट्ट म्हणजे हट्ट!

पुढच्या गुरुवारी दुपारच्या सुट्टीत मी घर गाठलं. मागच्या दारातून डोकावलो. माय झाकलेल्या भाकरीपाशी भिंतीला टेकून बसली होती, हात थरथरत होते. मला काय सुचलं कोण जाणे. दोरीवरचा पंचा ओढला, त्याची झोळी केली, बूट काढले आणि घराला वळसा घालून पुढच्या दारात उभा राहिलो. विज्ञानाचा मास्तर, खिशाला लाल पेन आणि खांद्याला झोळी! शेजारच्या अक्का धुणं तसंच टाकून बघत राहिल्या. बघू देत म्हटलं.

“भिक्षा वाढा, माय.”

माय उंबऱ्यात आली. मला न ओळखायला ती काही आंधळी नाही. आता हसेल, नाहीतर शिव्या घालेल, असं वाटलं. तिनं डोक्यावर पदर घेतला, आतून भाकरी-पिठलं आणून झोळीत घातलं, हात जोडले, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच भिक्षा घेणाऱ्याच्या जागी तिच्यासमोर उभा होतो. शब्द न् शब्द ऐकू आला.

“महाराज, माझ्या लेकाचा तुमच्यावर विश्वास न्हाई. पर लई गुणाचं लेकरू हाय. त्येच्यावर राग धरू नका.”

म्हणजे तिला ठाऊक होतं. कधीपासून, देव जाणे. दर गुरुवारी, येईल त्याच्याकडे, ती माझ्यासाठी हेच मागत आली होती. ती डोळे मिटून तशीच उभी होती, तोल जायच्या बेतात, उत्तराची वाट बघत.

“न्हाई धरत, माय,” मी म्हणालो. “तू जेव आता.”