शेंगदाण्याच्या पुडीतलं इंग्रजी

माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगायची म्हंजे आपल्याच हातानं आपल्या तोंडात मारून घ्यायची. पण चहा तुमी पाजलाय राव, तवा ऐका.

मी खोडदचा. गावाशेजारी त्या मोठ्या दुर्बिणी उभ्या राहिल्या आन् बाहेरचे साहेब इंग्रजी झाडत हिंडाय लागले. आपल्याला बी इंग्रजी आलं पायजे, असं माझ्या डोक्यात बसलं. त्यात नारायणगावच्या शेठजींनी रद्दीत एक डिक्शनरी घेतलेली. तिची पानं फाडून ते किराणा बांधायचे. माझ्या वाट्याला शेंगदाण्याची पुडी आली. शेंगदाणं खाल्लं आन् पान पाठ केलं. कन्फेस म्हंजे कबूल करणं, कन्फाइन म्हंजे कोंडून ठेवणं, कॉन्फिस्केट म्हंजे जप्त करणं. दोन्ही बाजू तोंडपाठ. गावातल्या अडाण्यांना त्यातलं एक बी येत न्हवतं, मग इद्वान मीच ठरणार ना?

त्याच तोऱ्यात मामाला घेऊन महाळुंगे पडवळला पोरगी बघाय गेलो. सुनंदा तिचं नाव, बारावी झालेली. खरं सांगतो, बघताक्षणी मला लई आवडली. हीच बायको करायची, ठरवून टाकलं. पण तसं तोंडावर दाखवील तो इद्वान कसला?

"पोरीला काय इचारायचं आसंल तर इचारा, पावणं," तिचे वडील म्हणाले.

मी पायावर पाय टाकला. "कॉन्फिस्केट म्हंजे काय?"

तिनं पोह्याची बशी माझ्यापुढं सरकवली.

"बरं, कन्फाइन?"

ती नुसती ऐकत व्हती.

"कॉन्फ्लिक्ट तरी?" मी मामाकडं बघून हसलो. "बारावीला शिकवत्यात तरी काय हल्ली?"

सुनंदानं मान वर केली. "तुमचं सगळं शब्द त्याच अक्षरांनी कसं हो सुरू व्हत्यात?"

मी चहाची बशी तोंडाला लावली.

"आबा, मी एक इचारू पावण्यांना?"

"इचार की," वडील म्हणाले.

"कॉन्ज्युगल म्हंजे काय?"

माझं पान त्याच्या आधीच संपलं व्हतं.

"नवरा-बायकोच्या संबंधातलं," तीच म्हणाली. "पुढचं पान आमच्याकडं आलंय. गूळ बांधलेला त्यात. शेठजींचं गिऱ्हाईक आमी बी हाय."

दारामागं बाया फिदीफिदी हसल्या. मामा पोह्यातल्या मिरच्या वेचत बसला.

निघताना सुनंदानं मामाच्या हातात एक पुडी दिली, कानात काहीतरी सांगितलं. मी मनात म्हटलं, जमलं. नकार द्यायचा आसता तर वाटंला लावताना खाऊ कोण देतं? येष्टीत बसल्या बसल्या पुडी सोडली. आत गूळ, भवती तेच चिकट पान.

"काय म्हणाली रं मामा?"

"म्हणाली, हे पाठ झालं की पुढचं पान मागा. पोरगी मागू नका."

गूळ मामानं खाल्ला. मी पान पाठ केलं, दुसरं करतो काय?

पुढं तिच्या लग्नाचं आवतान आलं. गेलो. नवरदेवाचा हात हातात घेऊन झोकात म्हणालो, "काँग्रॅच्युलेशन्स."

नवरीनं मुंडावळ्या जरा बाजूला सारल्या आन् नवऱ्याला म्हणाली, "हे खोडदचे. गुळाचं पान झालेलं दिसतंय त्यांचं."