गरुडाशेजारी सरडा

शनिवारी सकाळी अंगणात चैत्रांगण काढायला बसले होते. आमचं पिपलानीतलं कारखान्याचं क्वार्टर जुनं, पण अंगण ऐसपैस... संध्याकाळी हळदीकुंकू, डाळ भिजत घातलेली, आणि माझी रांगोळी अजून गौरीच्या पाळण्यापाशीच.

सासरे, म्हणजे आमचे बाबा, खुर्ची टाकून बसले होते. बाबा इथल्याच कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, आयुष्यभर मशीनची ड्रॉइंग्ज काढली. पूर्वी चैत्रांगणाची चौकट तेच आखून द्यायचे, आणि त्यातही कारखाना... नाग एका कोपऱ्यात, गरुड थेट समोरच्या कोपऱ्यात, मध्ये क्लिअरन्स, म्हणजे मोकळी जागा, हवा म्हणून.

हात कापायला लागला तशी त्यांनी पेन्सिलच सोडली. वाकडी रेघ काढण्यापेक्षा न काढलेली बरी, म्हणतात. मला फार वाईट वाटतं, पण त्यांच्यापुढे बोलायची सोय नाही.

तर, गरुड काढताना मनात आलं, ज्यांचं एकमेकांशी जमत नाही ते सगळे एकाच अंगणात कशाला? सूर्य आणि चंद्र, नाग आणि गरुड... इतकी वर्षं काढतेय, कधी विचारच केला नव्हता. बाबांना विचारणार, तेवढ्यात त्यांनीच हात वर करून मला गप्प केलं.

पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या परळाच्या काठावर एक सरडा बसला होता, गळा लालबुंद. आणि जास्वंदीखालून भारद्वाज चालत येत होता. भारद्वाज दिसला की शुभ, असं आपण म्हणतो... सरड्याचं मत वेगळं असणार, कारण भारद्वाज सरडे खातो.

दोघं परळाच्या दोन बाजूंना. एक खरखरीत, मातकट, जागचा हलेना. दुसरा काळाभोर, तुकतुकीत, विटकरी पंखांचा... सरडा एकटा असता तर मी पाहिलाही नसता, आणि भारद्वाज तर रोजचाच. समोरासमोर आले आणि दोघंही नव्यानेच दिसायला लागले.

भारद्वाजाने मान खाली घातली, पाणी प्यायला आणि आला तसा निघून गेला. सरडा तिथेच. का सोडलं त्याला, देव जाणे... पोट भरलेलं असेल.

"गरुडाशेजारी सरडा काढ," बाबा म्हणाले. "अगदी शेजारी."

क्लिअरन्सवाले बाबा हे सांगतायत म्हटल्यावर मी काढला. पण माझ्या हातून पाठ अशी गुळगुळीत उतरली की सरड्याची पाल झाली.

बाबा त्या पालीकडे बघत राहिले. मग गुडघा धरून हळूहळू खाली बसले, ती पुसून टाकली आणि रांगोळीची चिमूट घेतली. हात कापत होता. रेघ सरळ पडेना, पडली ती तुटक, दातेरी... आणि सरड्याची पाठ अगदी तशीच असते.

मी बाजूला सरकून बघत होते. एकदा वाटलं, आता थांबतील, चिडतील, उठून जातील. ते शेपटीच्या टोकापर्यंत थांबले नाहीत.

संध्याकाळी शेजारच्या मिश्रा भाभी पन्ह्याचा ग्लास घेऊन रांगोळीपाशीच उभ्या राहिल्या. "ये गिरगिट किसने बनाया, भाभी? लग रहा है अभी भाग जाएगा." मी बाबांकडे बोट दाखवलं. ते उगाचच चष्मा पुसत बसले.

आज सकाळी चहा पिताना म्हणाले, "अगं, घरात जाड कागद आहे का? आणि रविवारी मोठ्या तलावाकडे नेशील मला? तिथे म्हशींच्या पाठीवर बगळे बसतात... काळ्यावर पांढरे. इतकी वर्षं नुसते बघत आलो."

नेईन म्हटलं, आणि आत जाऊन जरा रडून घेतलं. त्या दिवशी उन्हात पाणी शोधत आलेल्या त्या दोघांची मी मनापासून ऋणी आहे.