मुकादमांच्या तीन ओंजळी

शके सतराशे दहा. मी तेव्हा बावीस वर्षांचा पाथरवट. आमच्या खाणीचे मुकादम वाघोलीचे. बोलण्याआधी दोन्ही तळहात उघडे करून दाखवायचे आणि म्हणायचे, "बघून घ्या. मागनं बोलू नका." मला अक्षरं जेमतेम येतात, पण माणूस वाचता येतो. हात दाखवणाऱ्यानं काहीतरी कमरेला खोचलेलं असतं, हे माझं मत.

पुण्याच्या पेठांत वाडे उठत होते आणि दगड आमच्या टेकडीखालून जात होता. खाण खोल गेली तशी वस्तीची विहीर आटली. पाणी गेलं कुठं? खाणीच्या तळाला. बायका पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागरी भरायच्या. पाणी राखेसारखं करडं. त्यातच गडी आपले फुटलेले पाय धूत.

मी बायकोला नदीवर पाठवायचो. चाल लांबची, त्यात तिला दिवस गेलेले. ती म्हणायची, "अहो, सगळी वस्ती खाणीतलं पिते. तुमचंच तेवढं नाक उंच." मी बधलो नाही.

मग पोरांना हगवण लागली. लोक कुजबुजले, खाण बंद पडू नये म्हणून पाणी खराब असल्याचं मुकादम लपवतात. पंचांनी दिव्य ठरवलं. वस्तीदेखत मुकादमांनी देवाचा भंडारा टाकून खाणीतलं पाणी प्यायचं. पंधरवड्यात काही झालं नाही, तर पाणी निर्मळ.

मुकादम तीन ओंजळी प्याले. मिशा पुसून म्हणाले, "दगडाची चव हाय, पन गोड हाय." सगळे हसले. मी नाही. पंधरवडाभर मी त्यांच्या मागावर. घरात गुपचूप नदीचं पाणी येतं का, कुठं उलटी करतात का. एकदा झुडपामागं गेले, तर मीही गेलो. तिथूनच ओरडले, "लेका, एवढं तरी एकट्याला करू दे की!"

काही झालं नाही. उलट अंगानं जरा भरलेच. मी हरलो. त्या दिवशी बायकोनं खाणीतली घागर माझ्यासमोर आदळली. "प्या आता."

पुढच्या उन्हाळ्यात वस्तीत नारू उठला. घोट्याला फोड, फोड फुटला की आतून दोऱ्यासारखा पांढरा किडा. घरोघरी माणसं पाय धरून बसली. माझ्या बायकोलाही निघाला, तान्ही पोर कडेवर असताना. वस्तीच्या टोकाचं एक घर तेवढं हट्टानं नदीचंच पीत राहिलं होतं. तिथं सगळे धडधाकट. तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

मुकादम लंगडत आमच्या दारात आले. त्यांच्याही पायात दोन नारू. बाभळीच्या काडीवर बायकोचा किडा रोज बोटभर गुंडाळायचे. "हळू गं पोरी. आत तुटला तर पाय सडतो." मी समोर बसून त्यांच्या बोटांवर नजर ठेवायचो. एकदा विचारलंच, "तुम्हाला ठाऊक होतं?"

काडी बांधून झाल्यावर म्हणाले, "ठावं असतं तर प्यालो असतो का रं?"

"खाण वाचवायला माणूस काहीही पितो," मी म्हणालो.

ते उठले आणि लंगडत निघून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र वेळेवर आले.

बायकोचा किडा सगळा निघाला. स्वतःसाठी त्यांना एवढा धीर नव्हता. वाड्याच्या धन्याचा निरोप आला, जोत्याचा दगड अडलाय. त्यांनी आपले नारू हिसकले आणि कामावर गेले. दोन्ही आत तुटले. पाय मांडीपर्यंत काळा पडला. तापात पाणी मागत होते, म्हणून मी नदीचं नेलं. एक घोट घेऊन म्हणाले, "हे आपलं न्हाई," आणि तोंड फिरवलं.

त्या संध्याकाळी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घण आणि पहार घेऊन खाणीत उतरलो. पाण्यालगतच्या पायरीला पहिला घाव घातला, म्हणजे फोडत फोडत वर येता येईल. काठावर बायका रिकाम्या घागरी घेऊन ओरडत होत्या, "अरे मेल्या, पाणी आणायचं कुठनं?" त्यांत माझीही होती. मी मान वर केली नाही. उन्हं डोक्यावर यायच्या आत वरची शेवटची पायरी खाली पाण्यात गेली.