आबांच्या कानापुरते वॅट

माझ्या डोक्यात एकदा घुसलं की घुसलं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कमी ऐकू यायला लागलं आणि त्यांनी भजनाला जाणंच सोडलं, तेव्हा मी ठरवलं, त्यांना भजन ऐकवायला गाडीत दणदणीत अँप्लिफायर बसवायचा. खोक्यावर हजार वॅट लिहिलेला आणला. मोबाईलमधलं गावच्या भजनाचं जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि आवाज इतका वाढवला की काचा थरथरल्या. शेजारी बसलेले आबा वैतागले, "आवाज लई हाय रं, पन ऐकू काय येत न्हाई."

मला रागच आला. एवढा खटाटोप मी करतोय कुणासाठी? तिरीमिरीत त्यांना घेऊन सुप्याला गाडीतले स्पीकर बसवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. म्हटलं, "याच्या दुप्पट वॅटचा बसवा."

तो हसला. स्पीकरच्या वायरींना मीटर लावून त्याने आधी एक सलग सूर वाजवला आणि आकड्यांवरून हिशेब केला. हजाराच्या जवळपासही नाही! "बडा घर पोकळ वासा," तो म्हणाला. "आन असला सूर धरून कुनी गानं ऐकतं व्हय? तुमचं भजन लावा." भजनाला जेमतेम सात-आठ वॅट लागत होते, फक्त पखवाजाच्या थापेला आकडा क्षणभर उसळायचा. "एवढ्यात भागतं, भाऊ. जास्ती पिळलं की थापच फाटती."

मग मला सोडून तो आबांकडे वळला. "बाबा, नेमकं काय ऐकू येत न्हाई?"

देवाशप्पथ सांगतो, हे घरात आम्ही कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. आबा म्हणाले, "नुसतं धाडधाड हुतंय. शब्द लागत न्हाईत. टाळ तर न्हाईच."

त्याने आवाज उलट कमी केला. खालची घुमघुम उतरवली, वरचे बारीक सूर उचलले, थोडे थोडे, दर वेळी आबांच्या तोंडाकडे बघत. नवा अँप्लिफायर माझ्या गळ्यात मारणं त्याला किती सोपं होतं! त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

एकाएकी आबांनी हात वर केला.

"थांबा! कोन हाय त्यो टाळवाला? मागं पडतोय की बेनं!"

ते रेकॉर्डिंग झालं त्या दिवशी टाळ माझ्याच हातात होते. "मीच हाय, आबा," म्हणालो आणि मला रडूच फुटलं.

"रडतो काय? पुन्यांदा लाव," आबा म्हणाले. "कुठं चुकतो ते दावतो."