चार फेऱ्यांचं पाणी

लोखंडी चावी रस्त्यातल्या वॉल्व्हच्या चेंबरमध्ये बसवून पाणीवाले काका तिच्या दांड्याला कान लावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आलं बगा." पाणी सोडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पाणी ऐकणारा माणूस मी एकच पाहिला.

वाकडला आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर मी सकाळी सहाला चाकणच्या कंपनीच्या बसची वाट बघायचे. कुणी बोलायला येऊ नये म्हणून कानात इअरफोन. एकदा काका म्हणाले, "ताई, ते काढा आन् हितं ऐका." मी संकोचत दांड्याला कान लावला. आत खोलवर घरघर चालली होती.

"धरनाचं पानी हाय. तुमच्या टावरला चार फेरे. पाचवा फिरवला की खालच्या आळीत नळाला नुसती हवा."

खालची आळी म्हणजे ओढ्याकाठची बैठी घरं. काका तिथेच राहायचे. पण आपल्या आळीलाही त्यांनी कधी वाढीव पाणी सोडलं नाही. बायको त्यावरून रोज बोलते, असं हसत सांगायचे.

माझे बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. ते म्हणायचे, "अहो, दोन फेरे जास्त फिरवा की. चहा पाजतो."

"चहाला पानीच लागतंय ना साहेब? ते कुनाच्या हंड्यातनं काढू?"

मे महिन्यातल्या एका गुरुवारी कंपनीला साप्ताहिक सुट्टी होती. काका पाणी सोडून पुढच्या चेंबरकडे गेले, आणि बाल्कनीतून मला बाबा दिसले. सोबत वॉचमन, त्याच्या हातात नवीकोरी चावी. त्याने आणखी दोन फेरे फिरवले. काका बंद करायला यायच्या आत त्याने ते उलटे फिरवूनही ठेवले.

पुढच्या गुरुवारी काका बंद करायला यायच्या बऱ्याच आधी आळीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन गेटवर आल्या. सोबत पाणीखात्याचे साहेब आणि त्यांनी बोलावून आणलेले काका. एक म्हातारी काकांना म्हणाली, "काय रं, टावरवाल्यांचा झालास व्हय?" साहेबांनी वॉल्व्ह बंद करायला लावला. काका मोठ्याने मोजत गेले. एक. दोन. तीन. चार.

चावी फिरतच राहिली. पाच. सहा.

काकांनी हात काढून घेतला. गोंगाट ऐकून मी खाली आले होते. ते माझ्याकडे वळले. "ताई, तुमी रोज हितंच उभ्या असता. मी किती फिरवतो, सांगा की यांना."

बाबा माझ्या मागेच उभे होते.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणाले.

काका साहेबांकडे वळून म्हणाले, "व्हय, त्यांच्या कानात ते असतंय. त्यांना कसं कळनार?"

त्याच दिवशी त्यांच्याकडून चावी काढून घेतली. त्यानंतर ते आमच्या रस्त्याला दिसले नाहीत.

आता बाइकवर एक तरुण येतो. कान वगैरे लावत नाही. नळाला जोर आहे, बाबा खूश आहेत. इअरफोन माझ्या बॅगेत असतात. तो फिरवतो तेव्हा मी मोजते. सहा.

मग बस येते.