दाजींचं नख

आमच्या दाजींसारखा माणूस तेलगावात तर सोडाच, अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा झाला नाही. स्वतःच्या सायकलचं मडगार्ड सुतळीनं बांधलेलं, पण दुसऱ्याच्या मोटारीवर केसाएवढा ओरखडा दिसला की याच्या घशाखाली घास उतरत नाही! असा माणूस घडवताना देवालाही दम लागला असेल.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे, थोरल्या बहिणीचे मालक. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान. मीही तेलगावातच दिलेली, दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे दाजींचे सगळे पराक्रम मी दाराआडून का होईना, पण डोळ्यांनी पाहिलेले आहेत. त्या वर्षांत गाड्यांचं नुसतं पीक आलं होतं. आधी गावात मोटार आली म्हणजे एक तर साहेब नाहीतर नवरदेव. मग ऊसवाल्यांनी घेतल्या, कापसाच्या व्यापाऱ्यांनी घेतल्या, लाल, पांढऱ्या, निळ्या, डबीसारख्या छोट्या छोट्या गाड्या! गाड्या नव्या, पण गल्ल्या त्याच अरुंद, बैलगाड्या त्याच, बांधावरच्या बाभळी त्याच. मग ओरखडे निघणार नाहीत तर काय! लोकांना त्या गाड्यांत श्रीमंती दिसे. दाजींना फक्त ओरखडे दिसत.

ही विद्या ते बीडला शिकले. दिवाळीचा माल आणायला गेले होते. वाटेत एका पेंटरच्या गॅरेजसमोर थांबले आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले. घरी आले ते माल न घेताच. खिशात लालसर मलमाची एक डबी आणि तोंडावर असं तेज, की अक्काला वाटलं कुणी गुरू भेटला. "साड्या कुठायत?" तिनं विचारलं. "साड्यांचं काय घेऊन बसलीस," दाजी म्हणाले, "आज मी रंगाची साय बघितली!"

ही साय त्यांनी पुढं सगळ्या गावाला समजावून सांगितली. गाडीच्या रंगावर एक पातळ साय असते. ओरखडा सायीवर असला तर हातानं निघतो, खाली दुधापर्यंत गेला असला तर देवाच्या बापालाही निघत नाही. ते ओळखायचं कसं? नखानं. गाडी आधी धुवायची, कोरडी करायची, आणि ओरखड्यावरून आडवं नख फिरवायचं. नख अडलं तर खोल, सरकलं तर वरचं. मग ओलसर मलमलीवर तुरीच्या दाण्याएवढं मलम घ्यायचं आणि हलक्या हातानं सरळ रेषेत चोळायचं. कुणी गोल गोल चोळायला लागलं की दाजींच्या अंगाचा तिळपापड होई. "आरं, गाडी हाय का तवा? सरळ घास, सरळ!" शेवटी कोरड्या फडक्यानं पुसून, गुडघ्यावर बसून, मान तिरकी करून, उन्हाच्या तिरपेत बघायचं. ओरखडा गेलेला दिसला की दाजी आनंदानं मांडीवर थाप मारत आणि मालकाला सोडून बाकी सगळ्यांना बोलावून दाखवत. पैसे कुणाकडून घेतले नाहीत. उलट दुकानातली चांगली मलमल फाडून फाडून संपवली. अक्का म्हणे, "गिऱ्हाइकाला वीतभर जास्त द्यायला जीव जातो, अन् ह्या पत्र्याच्या म्हशींना अख्खा तागा!"

मग ते नख सगळीकडेच फिरायला लागलं. स्टीलचा पेला, शाळेची पाटी, अक्काच्या हातावरचा तव्याचा चटका. शेजारच्या दोन जावा पाण्यावरून भांडल्या, तर दाजी मध्ये जाऊन म्हणतात, "नखाला लागतंय का? न्हाई ना? मग वरचंच हाय, निघतंय." आणि खरंच, त्या दोघी हसायलाच लागल्या!

एकदा एका मोठ्या पुढाऱ्याची गाडी स्टँडजवळ उभी होती. पुढारी आत चहा पीत होते. दाजींनी दारावर ओरखडा पाहिला आणि डबी काढली. ड्रायव्हर धावत आला. "ए बे, काय घासतो? सरक तिकडं!"

"वरडू नको," दाजी मान वर न करता म्हणाले, "हात हालतो."

पुढारी बाहेर आले. त्यांना कडा गावी सभेला जायचं होतं. दाजी म्हणाले, "सायेब, एक दार झालंय. दुसरं तसंच ठिवलं तर गाडी एका डोळ्यात काजळ घातल्यावानी दिसंल." पुढारी आपले उन्हात उभे राहिले, आणि कड्याची सभा दाजींनी दुसरं दार पुसेपर्यंत खोळंबली! निदान आमच्या गल्लीत तरी ही गोष्ट अशीच सांगतात.

असा हा माणूस. साऱ्या गावाच्या गाड्या निर्मळ करणारा. पण सख्ख्या धाकट्या भावाशी त्यांचं बोलणं नव्हतं. कारण काय, तर एक पुतळा. धाकटाही तेव्हा दाजींच्याच दुकानात बसे. त्यानं दुकानासमोर प्लास्टिकचा पुतळा आणून उभा केला, तयार पँट-शर्ट घातलेला. त्याचं म्हणणं, आता लोक कापड घेऊन शिवत बसणार नाहीत, तयारच घेतील. दाजींच्या आईला सगळी गल्ली आव्वा म्हणे. तिची नजर अधू झालेली. ती दुपारभर त्या पुतळ्याला म्हणत होती, "बस की लेकरा, कवाचा उभाच हायस!" गल्ली हसली. दाजी चिडले. त्यांनी पुतळ्याला धोतर नेसवलं. धाकटा तो पुतळा बगलेत मारून निघून गेला, केजला तयार कपड्यांचं दुकान टाकलं, आणि तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांसमोर आले तरी भिंतीकडे बघत. आव्वा सणासुदीला दोन ताटं मांडे आणि एकावर झाकण घालून ठेवी. ते झाकण बघून दाजी अर्धपोटी उठत.

त्या दसऱ्याला धाकटा नवी कोरी गाडी घेऊन आला. गर्द निळी! मोराची मान असावी तशी. तो घरात आला नाही, गाडी गल्लीत लावून उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आव्वाला नवं काही दिसलं की आधी देवाचं भस्म. तिनं भस्माचा गोळा आणला, ओला करायचं विसरली, आणि केजपासूनच्या धुळीनं भरलेल्या बॉनेटवर तीन बोटं चांगली दाबून कपाळावर ओढतात तशा तीन आडव्या रेघा ओढल्या.

आत खिडकीशी दाजी कळवळले. "गेली! धुळीवर दाबून बोट फिरवलं की धुळीची कानस होती!"

आणि तसंच झालं. दुपारी धाकट्यानं गाडी धुतली. भस्म गेलं, रेघा राहिल्या. पुन्हा धुतली. रेघा राहिल्याच. उन्हात त्या तीन रेघा चांदीसारख्या चमकायला लागल्या. शेजारची म्हातारी ओरडली, "आगं, भस्म उमटलं! पाण्यानं बी जाईना!" मग काय विचारता! बायका आल्या, पोरं आली, कुणी जास्वंदाचं फूल ठेवलं, कुणी उदबत्ती खोचायला जागा शोधायला लागलं. आव्वाच्या तोंडावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. "देवानं माझ्या हाताची खूण घेतली गं," ती सगळ्यांना सांगत होती. "माझ्या लेकाच्या गाडीवर घेतली."

धाकटा मात्र घामाघूम. संध्याकाळी हीच गाडी घेऊन सासुरवाडीला जायचं, तिथं मेहुण्यांची तोंडं काही चांगली नव्हती. शेवटी तो उंबऱ्याशी आला. दाजी समोरच दोन हातांच्या अंतरावर बसलेले, तरी हा अक्काला म्हणाला, "वैनी, त्यांना म्हणावं, जरा बघता का."

अक्का म्हणाली, "मला पुरण हलवायचंय," आणि मला पुढं ढकलून चुलीकडे पळाली. चारचौघांत ज्या माझ्या तोंडातून शब्द निघत नाही, ती मी दोन भावांच्या मधोमध!

"मेहुणीबाई," दाजी भिंतीला म्हणाले, "त्याला विचारा, पुतळ्यालाच का न्हाई सांगत?"

मी धाकट्याकडे बघितलं. तो म्हणाला, "म्हणावं, पुतळ्याला नख न्हाई."

दाजींच्या मिशीत काहीतरी हललं. ते उठले. मला म्हणाले, "डबी आन् मलमल घ्या."

गल्ली बाजूला झाली. दाजींनी फुलं उचलून माझ्या ओंजळीत दिली, बॉनेट धुतलं, टिपलं, गुडघ्यावर बसून तिरपेत पाहिलं. मी त्यांच्या अगदी शेजारी उभी. किती दिवसांनी धाकटा आपणहून दारात आला होता! हे काम केलं की त्याचं मन भरणार, आणि त्यांच्या हातालाही असं काम पुन्हा कधी मिळणार नव्हतं. त्यांनी नख ठेवलं, फिरवलं. पहिल्या रेघेवरून नख सरकलं. दुसरीवरून सरकलं. तिसरीवरून तर काचेवरून सरकावं तसं. पाव तासाचंही काम नव्हतं!

तेवढ्यात आव्वा काठी टेकत जवळ आली. "काय रं," ती म्हणाली, "देवाचं काय बघतोस? ऱ्हातंय न्हवं?"

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या डबीकडे. मग सरळ धाकट्याकडे, भिंतीकडे नाही. "खोल गेलंय रं," ते म्हणाले. "नखाला लागतंय. न्हाई निघायचं."

दाजी आणि रंगाबद्दल खोटं! धाकटा वाकला आणि त्यानं स्वतःचं नख फिरवलं. मी बघत होते. ते कुठंच अडलं नाही. त्यानं एकदा आव्वाकडे पाहिलं, आणि तिला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाला, "व्हय दादा. लागतंय."

आव्वानं बोटं मोडून दोघांची दृष्ट काढली. त्या संध्याकाळी धाकटा सासुरवाडीला गेलाच नाही. पुरणपोळी खाऊन दोघं भाऊ ओसरीवर तयार कपड्यांवरून असे कडाकडा भांडले, की ऐकताना आम्हाला दिवाळी आल्यासारखं वाटलं!

पुढं धाकटा दर सणाला ती गाडी घेऊन येई. आव्वा आधी बॉनेटला हात लावून नमस्कार करी, मग लेकाच्या तोंडावरून हात फिरवी. दाजी त्या गाडीकडे पाठ करून बसत. नाहीतर हात आपोआप खिशाकडे जाई, हे मला ठाऊक होतं.

आव्वा एका थंडीत गेली. मग धाकट्यानं ती गाडी विकून मोठी घेतली. परवा आम्ही युसूफ वडगावच्या बाजारात गेलो होतो, तर तीच निळी गाडी लिंबाखाली उभी. दाजींनी लांबूनच ओळखली. जवळ गेले, गुडघ्यावर बसले, मान तिरकी करून तिरपेत पाहिलं. या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. गाडीचा नवा मालक म्हणाला, "काय हुडकता?"

"हितं काही होतं का?"

"तीन रेघा व्हत्या. घेतल्या घेतल्या काढून टाकल्या पेंटरकडून."

"लई साफ काढल्यात," दाजी म्हणाले. "चांगला हात हाय त्याचा."

ऊन चढलं होतं, पत्रा तापला होता. अक्कानं हाक मारली, "चला की, एसटी जाईल." "आलो," दाजी म्हणाले. पण त्यांचा तळवा त्या स्वच्छ, गुळगुळीत, गर्द निळ्या बॉनेटवर तसाच होता, आणि तो उचलावा असं त्यांना वाटत नव्हतं.